ब्लॉगवर वाचकांच्या कमेंट्स दाखवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचक म्हणतो कमेंट टाकली, पण पानावर दिसत नाही. शोध कुठून सुरू करायचा?

डेटाबेसपासून. कमेंट तिथे पोचली आहे का, एवढं आधी बघा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. वर्डप्रेस असेल तर ॲडमिनमधल्या कमेंट्सच्या पानावर प्रलंबित, स्पॅम आणि ट्रॅश हे तिन्ही कप्पे उघडा.

प्रलंबितमध्ये सापडली तर मंजुरीचा नियम आड आला आहे. मूळ सेटिंगनुसार ज्याची याआधी एकही कमेंट मंजूर झालेली नाही, त्याची पहिली कमेंट थांबते. दोन किंवा अधिक लिंका असलेली कमेंटही थांबते. स्पॅममध्ये असेल तर ते फिल्टरचं काम, आणि ट्रॅशमध्ये असेल तर बहुधा तुम्हीच भरलेल्या निषिद्ध शब्दांच्या यादीचं.

तिन्हीकडे नसेल आणि मंजूर कमेंट्समध्येही नसेल, तर ती सर्व्हरने स्वीकारलेलीच नाही. ब्राउझरच्या खासगी खिडकीत लेख उघडा, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब चालू ठेवा आणि चाचणीची कमेंट पाठवा. उत्तरात ३०२ आलं तर सगळं ठीक. ४०९ म्हणजे तीच कमेंट दुसऱ्यांदा पाठवली. ४२९ म्हणजे एकाच माणसाच्या दोन कमेंट्समध्ये पुरेसं अंतर नाही. वर्डप्रेस किमान १५ सेकंद मागतं. ४०३ आलं तर होस्टिंगच्या फायरवॉलकडे (संशयास्पद विनंत्या अडवणाऱ्या यंत्रणेकडे) बघा. कमेंटमध्ये कोडचा तुकडा असला की हा प्रकार हमखास घडतो.

कमेंट मंजूर आहे. तरीही दिसत नाही.

मग कॅश, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून तीच वाचकांना देणारी सोय. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीही दोन अक्षरं लावून पान उघडा. बहुतेक कॅश त्या पत्त्याला नवं पान समजतात, त्यामुळे आता कमेंट दिसली तर जुनी साठवलेली प्रतच वाचकाला जात होती हे पक्कं. उपाय म्हणून कॅश बंद करू नका. कमेंट मंजूर झाली, बदलली किंवा काढली की त्या लेखाचं पान कॅशमधून पुसलं जाईल अशी सोय करा. बऱ्याचशा कॅश प्लगइनमध्ये ती असते. विसरली जाते ती पुढची पायरी, म्हणजे सीडीएन (पानाच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा). सर्व्हरवरची प्रत पुसली, पण सीडीएनवरची तशीच राहिली, की काही वाचकांना कमेंट दिसते आणि काहींना नाही. अशी तक्रार आली की पहिला संशय सीडीएनवरच घ्यावा.

फॉर्ममध्ये दुसऱ्याच वाचकाचं नाव आणि ईमेल भरलेला दिसतो. साइट हॅक झाली का?

नाही, पण प्रकरण गंभीर आहे आणि आजच्या आज निस्तरायला हवं. एकदा कमेंट करणाऱ्याची माहिती कुकीत ठेवून पुढच्या वेळी फॉर्म आपोआप भरला जातो. त्या वाचकासाठी तयार झालेलं पान कॅशमध्ये साठवलं गेलं, की त्याचं नाव आणि ईमेल पुढच्या प्रत्येकाला दिसतं. संपूर्ण कॅश लगेच रिकामी करा. त्यानंतर कमेंट करणाऱ्याची कुकी असलेल्या विनंतीसाठी कॅश वापरायची नाही आणि तिचं उत्तर साठवायचंही नाही, असा नियम लावा. याहून चांगला मार्ग म्हणजे सर्व्हरने फॉर्म कायम रिकामाच पाठवायचा आणि तो भरण्याचं काम ब्राउझरमधल्या स्क्रिप्टकडे द्यायचं. मग साठवलेल्या पानात कोणाचंच नाव येत नाही.

कमेंटचा फॉर्मच दिसत नाही.

वर्डप्रेसच्या डिस्कशन सेटिंगमध्ये कमेंट्स सुरू केल्या तरी तो बदल फक्त नव्या लेखांना लागू होतो. जुने लेख यादीतून निवडून एकगठ्ठा संपादनाने सुरू करावे लागतात. ठरावीक दिवसांनंतर कमेंट्स आपोआप बंद करण्याचा पर्याय कोणी चालू करून ठेवला आहे का, तेही बघा. त्यातला मूळ आकडा १४ दिवसांचा आहे. ब्लॉक थीम असेल तर एका लेखाच्या साच्यात कमेंट्सचा ब्लॉक आहे ना, याची खात्री करा. ब्लॉगरवर सेटिंग्जमध्ये कमेंटची जागा 'लपवा' अशी निवडलेली असू शकते. तिथे 'एम्बेडेड' निवडा, म्हणजे फॉर्म लेखाखालीच येतो.

वर लिहिलंय १२ कमेंट्स, खाली मोजल्या तर ९.

तीन कारणं असतात. पहिलं, पिंगबॅक: दुसऱ्या साइटने तुमच्या लेखाची लिंक दिली की तयार होणारी नोंद संख्येत धरली जाते, पण कित्येक थीम ती दाखवत नाहीत. दुसरं, अनाथ उत्तरं: एखादी कमेंट स्पॅममध्ये टाकली, पण तिला आलेली मंजूर उत्तरं तशीच ठेवली, तर ती मोजली जातात, मात्र उतरंडीत त्यांना टेकायला जागा नसते. तिसरं, कोणीतरी थेट डेटाबेसमधून कमेंट्स उडवल्या. लेखाच्या नोंदीत कमेंटची संख्या वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलेली असते आणि ती आपणहून कमी होत नाही, पुन्हा मोजून घ्यावी लागते. म्हणून साफसफाई ॲडमिनमधूनच करावी.

मराठी कमेंटच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. मजकूर परत मिळेल का?

डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मिळणार नाही. साठवतानाच मूळ मजकूर नष्ट झाला आहे. मात्र प्रश्नचिन्हांऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची विचित्र खिचडी दिसत असेल तर आशा आहे. बाइट्स शाबूत आहेत, त्यांचा अर्थ चुकीच्या अक्षरसंचाने, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या चुकीच्या पद्धतीने, लावला जातोय. अशा टेबलावर थेट रूपांतराचा आदेश चालवला तर खिचडीचीच खिचडी होते. आधी बॅकअप घ्या, मग तो रकाना बायनरी करा आणि त्यानंतर योग्य संच लावा. मधली बायनरीची पायरी गाळली की चुकीचं वाचन कायमचं होऊन बसतं.

संच कोणता? यूटीएफ८एमबी४. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना यूटीएफ८ एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटांत बसतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं. पण इमोजीला ४ बाइट लागतात. कोणी मजकुराच्या मधोमध हसरा चेहरा टाकला, की मायएसक्यूएल सैल पद्धतीने चालत असेल तर तिथून पुढचा सगळा मजकूर कापतो आणि कडक पद्धतीने चालत असेल तर कमेंटच नाकारतो. 'माझी कमेंट अर्धीच आली' ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. यूटीएफ८एमबी४ मायएसक्यूएल ५.५.३ पासून आहे, आणि वर्डप्रेसने ४.२ या आवृत्तीत, २०१५ साली, तो स्वीकारला. जुन्या टेबलाचं रूपांतर करताना इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) ७६७ बाइटची मर्यादा आडवी येऊ शकते. तेव्हा इंडेक्स १९१ अक्षरचिन्हांपुरता ठेवतात, कारण १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४.

आणि हो, फक्त टेबलाचा संच बदलून भागत नाही. कोडमधून डेटाबेसला होणाऱ्या जोडणीचा संचही तोच हवा.

साइडबारमधल्या 'ताज्या कमेंट्स'मध्ये शेवटचं अक्षर तुटकं येतं.

कोणीतरी मजकूर बाइट मोजून कापतोय. 'प्रतिक्रिया' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो: प्र, ति, क्रि, या. युनिकोडच्या (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) हिशेबात त्यात ११ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये ३३ बाइट. २० बाइटांवर काप घेतला तर सातव्या चिन्हाचे तीनपैकी दोनच बाइट हाती लागतात आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. बाइटऐवजी चिन्हं मोजली तर चौकट जाते, पण 'प्रतिक्' असा लोंबता हलंत उरतो. अक्षरगट मोजणारी फंक्शनं वापरली तरी जोडाक्षर अखंड राहीलच असं नाही. जोडाक्षर न फोडण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला, आणि सर्व्हरवरची लायब्ररी त्याहून जुनी असू शकते.

सोपा मार्ग: मर्यादेच्या आधीची शेवटची मोकळी जागा शोधा आणि तिथे कापा. दिसण्यापुरतंच कापायचं असेल तर सीएसएसने (पानाच्या मांडणीच्या नियमांनी) दोन ओळींवर थांबवा, सर्व्हरवर हात लावूच नका.

नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवणाऱ्या थीममध्ये हीच गडबड होते. 'श्रीकांत'चा नुसता 'श' उरतो.

नवी कमेंट वर दाखवावी की जुनी?

चर्चा होत असेल तर जुनी वर. उत्तरं त्याच क्रमाने लिहिलेली असतात. उलटं लावलं की वाचकाला आधी उत्तर आणि मग प्रश्न वाचावा लागतो. घोषणा, सूचना किंवा नुसत्या शुभेच्छांच्या पानावर नवी वर चालते. 'सर्वाधिक पसंती आधी' हा क्रम लहान ब्लॉगवर निरर्थक ठरतो, कारण पहिल्या तासात आलेल्या दोन कमेंट्सच कायम वर बसून राहतात.

उत्तरांना उत्तरं किती पातळ्यांपर्यंत द्यावीत?

वर्डप्रेसमध्ये मूळ आकडा ५ आहे आणि १० पर्यंत नेता येतो. नेऊ नका. हिशेब करा: फोनची रुंदी ३६० पिक्सेल आणि प्रत्येक पातळीला डावीकडून २४ पिक्सेलची जागा धरली, तर पाचव्या पातळीपर्यंत चार पायऱ्यांत ९६ पिक्सेल जातात. दहाव्या पातळीवर २१६ जातात आणि उरलेल्या १४४ पिक्सेलमध्ये देवनागरीचे दोन शब्दही धड बसत नाहीत. आमच्या मते ३ पातळ्या पुरतात. त्यापुढची उत्तरं त्याच पातळीवर ठेवा आणि सुरुवातीला 'अमुक यांना उत्तर' अशी ओळ दाखवा. डेटाबेसमध्ये मात्र खरी पालक कमेंट नोंदवत राहा. दाखवण्याची पातळी आणि साठवण्याची पातळी या वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वतः कोड लिहीत असाल तर प्रत्येक कमेंटसाठी 'हिची उत्तरं आण' अशी वेगळी क्वेरी (डेटाबेसकडे विचारणा) करू नका. २०० कमेंट्स असतील तर २०० हून जास्त क्वेरी होतात आणि पान रांगायला लागतं. लेखाच्या सगळ्या मंजूर कमेंट्स एकाच क्वेरीत वेळेच्या क्रमाने आणा, पालकाच्या क्रमांकानुसार त्यांचे गट पाडा आणि उतरंड मेमरीतच रचा.

एका पानावर किती कमेंट्स दाखवाव्यात?

वर्डप्रेसमध्ये पानं पाडायची झाली तर मूळ आकडा ५० वरच्या पातळीच्या कमेंट्सचा आहे. त्यांची उत्तरं यात धरत नाहीत. हा आकडा ठीक आहे. शंभराच्या आत सगळं आटपत असेल तर पानं पाडूच नका. मजकुराचं वजन नगण्य असतं, पान जड करतात ती अवतारांची, म्हणजे नावाशेजारची, चित्रं. त्यांना लेझी लोडिंग (चित्र नजरेच्या टप्प्यात आल्यावरच आणणं) लावा आणि लांबी-रुंदी लिहून ठेवा, म्हणजे चित्र येताना मजकूर उड्या मारणार नाही.

'आणखी दाखवा' असं बटण ठेवलंत तर पुढच्या वीस मागताना 'पहिल्या ४० सोडून' असं मागू नका. दरम्यान एखादी कमेंट मंजूर झाली किंवा काढली गेली, तर एक कमेंट दोनदा दिसते किंवा एक गळते. 'या क्रमांकाच्या पुढच्या २०' असं मागा. शिवाय विशिष्ट कमेंटची लिंक घेऊन आलेल्या वाचकाला ती कमेंट बटण न दाबता दिसली पाहिजे. बटण बनवणारे हे हमखास विसरतात.

कमेंटमधून कोणी स्क्रिप्ट घुसवू शकतं का?

शकतं, आणि कमेंट्स दाखवण्याच्या कामातला सर्वांत महागात पडणारा दोष हाच. अनोळखी माणसाने लिहिलेला मजकूर तुमच्या पानाचा भाग होतो. तो जसाच्या तसा छापला, तर त्यातली स्क्रिप्ट तुमच्या साइटच्या अधिकाराने वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. त्यातही मंजुरीच्या पानावर ती चालली, तर ॲडमिनच्या अधिकाराने.

नियम साधा आहे. साठवायचं जसं आलं तसं, पण दाखवताना एस्केप करायचं, म्हणजे कोड म्हणून चालू शकणारी चिन्हं निष्प्रभ करायची, आणि जागा बघून करायचं. मजकुरात छापताना कोनी कंस आणि अँपरसँड निष्प्रभ करणं पुरतं. ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्मात) छापताना अवतरणचिन्हंही निष्प्रभ करायला हवीत. आणि लिंकच्या पत्त्यात एवढ्यानेही भागत नाही. तिथे पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतो का हे तपासा, नाहीतर 'जावास्क्रिप्ट:' असा पत्ता सगळ्या एस्केपिंगमधून सहीसलामत बाहेर पडतो. ठळक, तिरपं, अवतरण अशा मोजक्या टॅगना मुभा द्यायची असेल तर परवानगीची यादी ठेवा, बंदीची नको. आणि हे काम रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला साचा शोधणाऱ्या सूत्राने) करायच्या फंदात पडू नका. त्यासाठी घासूनपुसून तयार झालेल्या लायब्ररी आहेत.

कमेंटचा मजकूरच पाहिला जातो, पण नाव, संकेतस्थळ आणि ब्राउझरची ओळख हीसुद्धा बाहेरून आलेली माहिती आहे. नावाच्या चौकटीत स्क्रिप्ट टाकणारे असतात.

कमेंटमधल्या लिंकांचं काय करायचं?

त्यांना सर्च इंजिनसाठी नोफॉलो ('या लिंकची शिफारस आमची नाही') आणि यूजीसी ('हा मजकूर वाचकाचा आहे') या दोन खुणा लावा. पहिली गूगलने २००५ साली कमेंट स्पॅमला तोंड देण्यासाठीच आणली, दुसरी २०१९ मध्ये आली. वर्डप्रेस ५.३ पासून दोन्ही आपोआप लावतं. लांबलचक पत्त्यामुळे फोनवर पान आडवं सरकत असेल तर सीएसएसमध्ये ओव्हरफ्लो-रॅप 'एनीव्हेअर' करा.

स्पॅम थांबवायला कॅप्चा लावावा का?

सगळ्यात शेवटी. कॅप्चा रोबोला जितका अडवतो त्याहून जास्त माणसांना कंटाळा आणतो. आधी सापळ्याची चौकट लावून पाहा: फॉर्ममध्ये एक जास्तीची चौकट ठेवून ती सीएसएसने नजरेआड करायची, माणूस ती भरत नाही, रोबो भरतो, आणि भरलेली आली की कमेंट स्पॅममध्ये. तिला 'यूआरएल' किंवा 'ईमेल' असं नाव दिलंत तर ब्राउझरची ऑटोफिल सोय ती भरून टाकेल आणि खऱ्या वाचकांचाच बळी जाईल. नाव निरर्थक ठेवा, ऑटोकम्प्लीट बंद करा, टॅब कीच्या रांगेतून आणि स्क्रीन रीडरपासून (पान वाचून दाखवणाऱ्या साधनापासून) ती वगळा.

दुसरा उपाय वेळेचा: पान उघडल्यापासून ३ सेकंदांच्या आत आलेली कमेंट संशयित धरायची. इथेही कॅश नडते, कारण साठवलेल्या पानात वेळ कालची असू शकते. वेळ ब्राउझरमध्येच मोजा. हेच सुरक्षेच्या टोकनचं. वर्डप्रेसचा नॉन्स, म्हणजे विनंती खरी आहे हे पटवणारा तात्पुरता संकेत, जास्तीत जास्त २४ तास चालतो, त्यामुळे एखाद्या प्लगइनने कमेंट फॉर्मला नॉन्स लावला आणि पानाची कॅश दोन दिवसांची असली, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाचकाची कमेंट परत फिरते. एवढ्यावर स्पॅम आवरत नसेल तर अकिस्मेटसारखा फिल्टर जोडा.

नको त्या शब्दांची यादी लावली, आता भलत्याच कमेंट्स अडकतात.

कारण वर्डप्रेसची यादी शब्दाच्या पोटातही शोधते आणि मजकुराबरोबर नाव, ईमेल, संकेतस्थळ, आयपीही तपासते. कर्जाच्या जाहिराती अडवायला 'लोन' हा शब्द टाकलात तर 'क्लोन'वरची चर्चा अडकते आणि सलोनी नावाच्या वाचकाची प्रत्येक कमेंटही. 'नी'मधला 'न' युनिकोडच्या दृष्टीने सुटा आहे, त्यामुळे पुढे वेलांटी असली तरी यादीला तिथे 'लोन' सापडतोच. एकेकटे छोटे शब्द टाकू नका. स्पॅममध्ये पुन्हा पुन्हा येणारे डोमेन किंवा पूर्ण वाक्यांश टाका. यादीही निषिद्धची नव्हे, तर मंजुरीसाठी थांबवण्याची वापरा, म्हणजे चूक दुरुस्त करता येते.

आणखी एक खाच. काही फिल्टर 'अदृश्य चिन्हं' सरसकट पुसतात. मराठीत ऱ्य लिहिताना काही कीबोर्ड 'र', हलंत आणि शून्य-रुंदीचा जोडक वापरतात. जोडक पुसला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरावरच्या लेखाखाली समुद्र अवतरतो, आणि लेखकाला वाटतं वाचकाला शुद्ध लिहिता येत नाही.

आधी मंजुरी की आधी प्रसिद्धी?

दिवसातून एकदाही रांग तपासणं जमणार नसेल तर आधी मंजुरी ठेवू नका. दोन दिवसांनी दिसलेल्या कमेंटला कोणी उत्तर देत नाही. मधला मार्ग बरा: पहिली कमेंट थांबवायची, पुढच्या थेट. जुन्या लेखांवर मात्र मंजुरी लावाच, स्पॅम तिथेच साचतो.

थांबवलेली कमेंट लिहिणाऱ्याला स्वतःला दिसू द्या, 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' या टिपेसह. ही टीप नसली की लोक तीच कमेंट तीनदा पाठवतात.

आक्षेपार्ह कमेंट काढली, पण तिला चांगली उत्तरं आली होती.

कायमची पुसू नका. मजकूर आणि नाव काढून त्या जागी 'ही कमेंट काढून टाकली आहे' अशी ओळ ठेवा, म्हणजे खालच्या उत्तरांना आधार राहतो. वर्डप्रेसमध्ये कमेंट कायमची पुसली तर तिची उत्तरं एक पातळी वर सरकतात आणि संदर्भ नसताना ती वरच्या माणसाला उद्देशून लिहिल्यासारखी वाटतात. त्यातून नवं भांडण उभं राहू शकतं.

साइट स्थिर आहे, डेटाबेसच नाही. कमेंट्स कशा दाखवायच्या?

ह्यूगो किंवा जेकिल या साधनांनी बनवलेल्या स्थिर साइटला तीन वाटा आहेत. डिस्कससारखी बाहेरची सेवा जोडणं सर्वांत सोपं, पण तिच्या स्क्रिप्ट पान जड करतात, आणि कमेंट्स दुसऱ्याच्या घरात राहतात; निर्यातीची सोय आहे ना ते आधी बघा. दुसरी वाट गिटहबची, म्हणजे प्रोग्रामर कोड ठेवतात त्या सेवेची: गिसकस तिच्या डिस्कशन्समध्ये कमेंट्स ठेवतं आणि अटरन्सेस इश्यूजमध्ये. वाचक प्रोग्रामर असतील तर उत्तम; नाहीतर कमेंटसाठी गिटहबचं खातं कोण काढणार? तिसरी वाट म्हणजे इस्सोसारखा छोटा सर्व्हर स्वतः चालवणं. तो एसक्यूलाइट या एका फाइलच्या डेटाबेसवर चालतो, त्यामुळे बॅकअप म्हणजे एका फाइलची प्रत.

कोणतीही निवडा, कमेंट्स लेखाच्या पत्त्याला बांधलेल्या असतात हे ध्यानात ठेवा. पत्ता बदलला, किंवा शेवटची तिरकी रेघ आली-गेली, तरी कमेंट्स गायब झाल्यासारख्या वाटतात. प्रत्येक लेखाला न बदलणारा ओळख क्रमांक देऊन तोच सेवेला कळवा.

'५ मिनिटांपूर्वी' दाखवावं की तारीख?

तारीख. सर्व्हरवर मोजलेली '५ मिनिटं' कॅशमध्ये अडकून दिवसभर ५ मिनिटंच राहतात. हवंच असेल तर पानात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहा आणि अंतर ब्राउझरमध्ये काढा.

अवतार दाखवल्याने खासगीपणाला धक्का बसतो का?

थोडा बसतो. ग्रॅव्हॅटार ही अवतारांची सेवा ईमेलच्या हॅशवरून (ईमेलपासून तयार होणाऱ्या ठरावीक सांकेतिक मालिकेवरून) चित्र शोधते. तो हॅश पानाच्या सोर्समध्ये सगळ्यांना दिसतो, आणि एखाद्याचा ईमेल अंदाजाने ओळखून हॅश जुळवता येतो. शिवाय पान उघडणाऱ्या प्रत्येक वाचकाचा ब्राउझर त्या सर्व्हरकडे चित्र मागायला जातो. नको असेल तर अवतार बंद करा. कमेंट वाचण्यात काही अडत नाही. वर्डप्रेस प्रत्येक कमेंटबरोबर आयपीही साठवतं. स्पॅम तपासून झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नसतो, तेव्हा काही महिन्यांनी तो रकाना रिकामा करायला हरकत नाही.

मांडणीत आणखी काय सांभाळायचं?

ओळींमधलं अंतर अक्षराच्या किमान १.६ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं आहेत तिथे ती त्यानंतरच येतात. वाचकाने एंटर दाबून पाडलेले परिच्छेद जपा. कमेंट्स क्रमवार यादीच्या टॅगमध्ये ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर एकूण किती आहेत ते सांगतो. 'उत्तर द्या' दाबल्यावर कर्सर थेट लिहिण्याच्या चौकटीत गेला पाहिजे.

एकही कमेंट नसेल तर '० कमेंट्स' दाखवायचं का?

नको. नुसता फॉर्म दाखवा.